अधिक महिन्याची रिकामी पानं

सकाळी ६.१५

आज नळाला पाणी यायचा दिवस नाही. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे ज्या दिवशी ते येतं त्या दिवशी सकाळ मोटार, टाकी आणि बादल्यांची. आज ती धावपळ नव्हती, म्हणून चहाचा कप घेऊन थेट खालच्या खोलीत आले. घर वर आणि काम खाली, नवी पेठेतल्या एका गल्लीत.

रात्रभर एक जुनी हार्ड डिस्क टेबलावर फिरत होती. ४० जीबीची, रुंद पट्ट्याच्या केबलची. आताच्या कुठल्याच संगणकात ती केबल बसत नाही, म्हणून यूएसबीचं जोडयंत्र लावलं आणि डिस्कला वीज वेगळी दिली. जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम तिची जशीच्या तशी प्रत उतरवून घेतो. आधी सहज वाचता येणारा भाग ओढतो आणि खराब जागांशी झटापट शेवटी करतो. काय वाचलं, काय राहिलं याची नोंद तो एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही. उन्हाळ्यात सोलापुरात धंदा करायचा तर ही सोय मोठी.

पडद्यावर बघितलं. काही केबी सोडून सगळं उतरलंय. डिस्क काढली, चिठ्ठी लावून कपाटात ठेवली. आता दिवसभर काम प्रतीवर.

सकाळी ८.००

ही डिस्क एका मंगल कार्यालयाची. कार्यालय पूर्व भागाच्या कडेला आहे. २००६ साली मालकांच्या पुतण्यानं तिथल्या संगणकावर लिनक्स घातलं. त्या काळी उबंटूच्या सीडी अर्ज केला की घरपोच फुकट यायच्या, त्यातलीच कुबुंटू. बुकिंगची वही बंद झाली आणि दिवाणजी केऑर्गनायझर या कॅलेंडरात तारखा टाकू लागले. दोनेक वर्षांनी पुतण्याला मोझिलाचं सनबर्ड आवडलं, मग पुढच्या नोंदी त्यात. पुढं पुतण्या नोकरीसाठी पुण्याला गेला, संगणक बिघडला आणि वही परत आली.

मधल्या वर्षांतल्या नोंदी इतकी वर्षं कुणाला लागल्या नव्हत्या. आता लागतात, कारण त्या काळात लग्न झालेली जोडपी विवाह नोंदणीसाठी येतात. कुणाला पासपोर्टमध्ये जोडीदाराचं नाव घालायचंय, कुणाला परदेशी जायचंय. नोंदणीला तीन साक्षीदार लागतात, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते आणि लग्नपत्रिका मागतात. पत्रिका हरवलेली, गुरुजी वारलेले. मग ‘अमुक तारखेला आमच्याकडे लग्न झालं’ असं कार्यालयाच्या लेटरहेडवर मिळालं तर हवं असतं. मालक सरळ माणूस आहेत. नोंद डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते सही करत नाहीत.

याआधी एका दुकानदारानं त्यांना ‘सगळा डेटा’ पेन ड्राइव्हवर काढून दिला होता. त्यात देवांचे फोटो होते, भक्तिगीतं होती, कॅलेंडर नव्हतं. लिनक्समध्ये ज्या फोल्डरचं नाव टिंबानं सुरू होतं ते एरवी दिसत नाही, आणि प्रोग्रॅम आपला माल तिथंच ठेवतात. दिसेल तेवढं कॉपी केलं की नेमकं हवं ते मागं राहतं.

सकाळी १०.००

सहायक पोरगा आला. डिप्लोमा झालाय, हात चांगला आहे, घाई फार.

“ताई, जुना पीसी आहेच की. सरळ चालू करू, कॅलेंडर उघडू, छापून देऊ.”

तो चालू करायचा नाही, हे त्याला समजावून सांगितलं. आतली नाण्याएवढी बॅटरी कधीच मेलेली असणार. मशीन उठलं की त्याचं घड्याळ कुठल्या तरी भलत्याच वर्षात असेल. लिनक्स सुरू होताना डिस्क तपासतं आणि तिच्यावर लिहितंही. एकेक लिखाण पुसलेल्या जागेवर पडू शकतं, आणि आपल्याला उद्या त्याच जागेत शोधावं लागेल. म्हणून प्रतच जोडायची आणि तीही फक्त वाचण्यापुरती. ही एक्स्ट-३ पद्धतीची डिस्क, म्हणून अर्धवट राहिलेल्या कामांची तिची जी वही असते, ती पुरी करू नकोस असंही जोडताना बजावायचं.

जोडली. दिवाणजींच्या खात्यात टिंबाचं केडीई हे फोल्डर, त्यात शेअर, त्यात ॲप्स, त्यात केऑर्गनायझर, आणि तिथं ‘एसटीडी डॉट आयसीएस’. केडीई म्हणजे कुबुंटूचा पडदा आणि त्यावरच्या प्रोग्रॅमांचा संच. त्याच्या तिसऱ्या पिढीत या कॅलेंडरचा मुक्काम याच ठिकाणी असायचा. शेजारी त्याच नावापुढं लाटेचं चिन्ह असलेली मागची प्रतही सापडली.

सकाळी ११.३०

ही फाइल साधा मजकूर आहे, यात आमचं नशीब. १९९६ साली व्ही-कॅलेंडर नावाचा मसुदा आला, १९९८ साली त्यातून आय-कॅलेंडर हे मानक ठरलं आणि २००९ साली ते सुधारून निघालं. प्रत्येक नोंद ‘बिगिन व्हीइव्हेंट’नं उघडते आणि ‘एंड व्हीइव्हेंट’नं मिटते. मध्ये सुरुवात, शेवट, मथळा, तपशील आणि नोंदीचा स्वतःचा ओळखक्रमांक. केडीईची ती पिढी मूळ प्रकल्पानं २००८नंतर सोडून दिली, तरी तिची फाइल आजचं कुठलंही कॅलेंडर वाचू शकतं.

वाचू शकतं, पण मराठीत अडखळतं. मानक सांगतं की एक ओळ ७५ बाइटपेक्षा लांब नको. पुढचं खालच्या ओळीत घ्या आणि तिच्या सुरुवातीला एक मोकळी जागा सोडा. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीत युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीनं एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे वीस-बावीस चिन्हं झाली की ओळ भरली. जुना प्रोग्रॅम बाइट मोजून कातर चालवायचा, मधे चिन्ह आलं तर तेही कापायचा.

एक नोंद मोठी करून पोराला दाखवली. ‘वधूपक्ष’मधल्या ‘प’चा पहिला बाइट वरच्या ओळीच्या टोकाला आणि उरलेले दोन खालच्या ओळीत. नेहमीच्या संपादकात उघडलं तर दोन्हीकडे काळे चौकोन. आधी ओळी जोडायच्या आणि मग अक्षरं वाचायची, हा क्रम पाळला की ‘प’ जागेवर येतो. आधी अक्षरं वाचून मग ओळी जोडल्या तर तो कायमचा जातो. त्यानं ओळी जोडायची छोटी स्क्रिप्ट लिहिली. पहिल्याच फेरीत नावं स्वच्छ वाचता आली.

नोंदींची भाषा सोलापूरची आहे. निम्मं मराठी, काही रोमन लिपीतलं मराठी, आडनावं तेलुगू आणि कन्नड. आणि सगळीकडे दिवाणजींची लघुरूपं: ‘सी. पू.’, ‘इ. ५०००’, ‘आ. ते.’, ‘भां. स्व.’. त्यातली पहिली दोन कळली. सीमांतपूजन आणि इसार. बाकीसाठी दिवाणजींना संध्याकाळी बोलावलंय.

दुपारी १.१५

कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. मालकांचा फोन. “काय करलालाव ताई? सापडलं का काही?” अर्धं सापडलंय म्हटलं. “जुनी पंचांगं आहेत का हो तुमच्याकडे? २००६ ते २०११?” सगळी आहेत म्हणाले. एकही टाकलेलं नाही. पोराला गाडीवर पाठवलं.

दुपारी २.००

आता सनबर्ड. हा प्रोग्रॅम मोझिलानं २०१० साली थांबवला. त्याचा माल साध्या मजकुरात नसून एस्क्यूलाइटच्या एका फाइलमध्ये असतो, ‘स्टोरेज डॉट एसडीबी’. ती आजच्या थंडरबर्डच्या हाती द्यायची नाही. नवा प्रोग्रॅम जुना साठा बघतो आणि आपल्या सोयीनं त्याची रचनाच बदलतो. मी प्रतीची आणखी एक प्रत काढली आणि तक्ते थेट वाचले.

तारखेच्या रकान्यात तारीख नाहीच. आहे एक लांबलचक आकडा. एका नोंदीसमोर १२४०७७०६००००००००. म्हणजे १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिचच्या घड्याळानं, किती मायक्रोसेकंद झाले ते. तेवढ्यात पोरगा परत आला. त्यानं ते मिलिसेकंद धरून गणित केलं, तर लग्न इसवी सन ४१ हजारच्या पुढं गेलं. दहा लाखांनी भाग दिल्यावर २००९चा एप्रिल मिळाला: २६ तारीख, संध्याकाळचे साडेसहा.

संध्याकाळी साडेसहा म्हणजे गोरज मुहूर्त म्हणावा, तर पुढची नोंदही साडेसहाचीच. त्याच्या पुढचीही. इतकी गोरज लग्नं नसतात.

गोम शेजारच्या रकान्यात होती. तिथं वेळेचा प्रदेश लिहिलेला असतो. सनबर्डनं मोझिलाच्या स्वतःच्या पद्धतीनं लांब नाव लिहिलंय आणि त्याच्या शेवटी ‘एशिया, कलकत्ता’. जगभरच्या संगणकांत वापरल्या जाणाऱ्या वेळ-प्रदेशांच्या यादीत त्याचं आजचं नाव ‘कोलकाता’ आहे. जुनं नाव अजून चालतं, पण त्याच्या आधी मोझिलाचं बिरूद लागलेलं असलं की आजच्या रूपांतरकाला ते ओळखू येत नाही. तो गप्प बसतो आणि ग्रिनिचची वेळ जशीच्या तशी देतो. आपण साडेपाच तास पुढं. २६ एप्रिलचे साडेसहा म्हणजे आपली २७ एप्रिलची मध्यरात्र. दिवाणजी पूर्ण दिवसाचं बुकिंग रात्री बारापासून टाकायचे, म्हणून प्रत्येक लग्न एक दिवस अलीकडे सरकलं होतं.

सरसकट साडेपाच तास मिळवून भागत नाही. ‘दिवसभर’ अशी खूण केलेल्या नोंदींना सनबर्ड कुठलाच प्रदेश लावत नाही, त्या तरंगत्या ठेवतो. त्यांना वेळ मिळवायची नाही, नुसती तारीख घ्यायची. प्रत्येक नोंदीचा प्रदेश बघून निर्णय.

दुपारी ३.४५

पंचांगांचा गठ्ठा टेबलावर. दाते पंचांग निघतंच सोलापुरातून. नानाशास्त्री दाते यांनी १९१६-१७च्या सुमारास ते सुरू केलं आणि शंभरी ओलांडून ते आजही चालू आहे. इथल्या मंगल कार्यालयांचा धंदा त्यातल्या विवाह मुहूर्तांच्या पानावर चालतो. तारखा त्या पानावरून ठरतात आणि मग हॉल मिळतो. त्यामुळे वसूल केलेली प्रत्येक तारीख बरोबर आहे की नाही, हे तपासायला माझ्याकडे संगणकाबाहेरचा साक्षीदार आहे.

शके १९३१, वैशाख शुद्ध तृतीया: २७ एप्रिल २००९, सोमवार. अक्षय्यतृतीया. नोंदीच्या तपशिलातही दिवाणजींनी ‘अ. तृ.’ लिहिलंय. दुपारचा हिशेब बरोबर निघाला. मग एकेक वर्ष घेतलं. मी तारीख वाचायची, पोरानं पंचांगात बोट ठेवायचं. तारखा सरकलेल्या होत्या तेव्हा मुहूर्त नसलेल्या दिवसांवर लग्नांची गर्दी होती. आता नोंदी मुहूर्तांवर येऊन बसल्या.

एका जागी पोरगा घाबरला. “ताई, इथं डेटा गेलाय.” २०१०मध्ये १५ एप्रिल ते १४ मे, ऐन लग्नसराई, आणि एकही लग्न नाही. डिस्कवरच्या खराब जागा कुठल्या फाइलीत पडल्यात ते मी पाहिलं होतं, त्या इथल्या नव्हत्या. त्याला शके १९३२चं पंचांग उघडायला लावलं. अधिक वैशाख. लग्नं होणार कुठून? त्या महिन्यात कार्यालयात काय होतं, तर ‘जावई जेवण’, ‘धोंडे जेवण’, एक भागवत सप्ताह. लग्नांच्या जागी जावयांना अनारशांचं वाण. मग १४ मेला महिना संपतो आणि १६ मेच्या रविवारी, अक्षय्यतृतीयेला, सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी दोन बुकिंगं.

तशीच पोकळी केऑर्गनायझरच्या फाइलीत २००७मध्ये होती, १७ मे ते १५ जून. अधिक ज्येष्ठ. दोन निरनिराळे प्रोग्रॅम, दोन निरनिराळ्या फाइली, आणि दोघांतली मोकळी जागा पंचांगाला धरून. डेटा हरवलेला नाही याचा इतका भक्कम पुरावा कुठल्याही दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरनं दिला नसता.

उलट अडचण श्रावणात आली. चातुर्मासात लग्नं नकोत असा आपल्याकडचा रिवाज, आणि इथं श्रावणात बऱ्याच नोंदी. पुन्हा तारखा सरकल्या की काय? आडनावं वाचली आणि उलगडा झाला. सगळी पद्मशाली घरं, पूर्व भागातली. तेलुगू कुटुंबांत श्रावण लग्नाला चांगला मानतात. पोरगा स्वतः त्याच समाजातला. “आमच्या अक्काचं पण श्रावणातच झालं की,” म्हणाला. मग एवढा वेळ गप्प का होतास, विचारलं, तर हसला.

संध्याकाळी ५.३०

दिवाणजी आले. सत्तरी उलटलीय, स्मरण शाबूत. ‘आ. ते.’ म्हणजे आचारी तेलुगू. ‘भां. स्व.’ म्हणजे भांडी स्वतःची, कार्यालयाची नको. ‘लाल’ म्हणजे बाकी येणं आहे. केऑर्गनायझरमध्ये त्यांनी नोंदींना रंगांचे गट दिले होते, ते गट फाइलीत शब्द म्हणून उतरलेत. लघुरूपांचा तक्ता त्यांच्याकडूनच लिहून घेतला. तो आता डेटाबरोबर जाईल, त्याशिवाय अर्ध्या नोंदींचा अर्थ लागणार नाही.

त्यांना जुना पडदा बघायचा होता. आभासी यंत्रात जुनी कुबुंटू चढवून ठेवली होती. उबंटूनं आपल्या जुन्या आवृत्त्यांचं भांडार वेगळं जपलंय, तिथून ती मिळते. केडीईची ती पिढी ट्रिनिटी या नावानं काही लोक अजूनही चालवतात, तो मार्गही आहे. फाइलीची प्रत आत घातली, महिना उघडला. दिवाणजींनी चष्मा पुसून आधी एक चूक काढली: एका नोंदीत वराचं आडनाव चुकलंय, तेव्हाही चुकलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही, शेजारी शेरा लिहिला. मूळ नोंद बदलायचा हक्क माझा नाही.

संध्याकाळी ६.४५

आता पुसलेलं. केऑर्गनायझर जतन करताना अख्खी फाइल नव्यानं लिहायचा. त्यामुळे डिस्कच्या मोकळ्या जागेत तिच्या जुन्या आवृत्त्यांचे तुकडे पडलेले असतात. एक्स्ट-३मध्ये फाइल पुसली की ती डिस्कवर कुठं होती याचे पत्ते शून्य होतात, म्हणून नावानं शोधून काही हाती लागत नाही. सगळी प्रत चाळायची आणि ‘बिगिन व्हीइव्हेंट’ जिथं दिसेल तिथून पुढं उचलायचं. ओळखक्रमांक जुळवायचे. एकाच क्रमांकाच्या अनेक प्रती असतील तर शेवटच्या बदलाची वेळ बघून ताजी ठेवायची.

खराब जागेमुळे तुटलेल्या दोन नोंदी अशा पूर्ण झाल्या. पण वेगळंही काही वर आलं. काही ओळखक्रमांक असे, जे शेवटच्या फाइलीत नाहीतच. बुकिंग झालं, इसार घेतला, मग नोंद काढून टाकली. तपशिलात कारणं. एका ठिकाणी ‘मोडलं’. एका ठिकाणी त्याहून जास्त, दोन्हीकडची नावं आणि कशावरून बिनसलं ते.

मालकांना फोन केला, नावं न सांगता. रद्द झालेली बुकिंगंही निघालीत, काय करू? क्षणभर थांबले. “मोडलेली लग्नं नकोत हो ताई. त्या पोरी आता आपापल्या घरी सुखात असतील.” माझंही मत तेच होतं. दिवाणजींनी जे स्वतः पुसलं ते हरवलेलं नव्हतं. हे दोन प्रकार वेगळे ठेवायचे, नाहीतर आमच्या धंद्याला लोकांनी दार उघडू नये.

रात्री ८.३०

मालक आले. त्यांच्या हाती तीन गोष्टी दिल्या. एक आय-कॅलेंडरची फाइल, सगळ्या वेळा भारतीय, ओळी नीट जोडलेल्या. दुसरा साधा तक्ता, तारीख, तिथी, वार, दोन्ही पक्ष, शेरा, कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडेल असा. तिसरी छापील वही, बांधून, शेवटी लघुरूपांचा तक्ता. तिथीचा रकाना मूळ डेटात नव्हता, तो पंचांगावरून भरलाय, आणि तसं पहिल्याच पानावर लिहिलंय.

त्यांनी आधी वही उघडली. खिशातून एक चिठ्ठी काढली, गेल्या आठवड्यात आलेल्या जोडप्याची. त्यांना तारीख नक्की आठवत नव्हती. लग्न २००९च्या उन्हाळ्यातलं, सोमवार होता आणि ‘आखितीच्या दिवशी’ एवढंच ठाऊक. मालकांनी बोट फिरवलं, २७ एप्रिलवर थांबले, नावं जुळवली. “उद्या पत्र देतो.”

बिलावर थोडी घासाघीस झाली, होतेच. पावतीवर दोन ओळी जास्तीच्या लिहून त्यांची सही घेतली: रद्द बुकिंगच्या नोंदी कुठल्याही प्रतीत दिलेल्या नाहीत, आणि डिस्कची माझ्याकडची प्रत आठ दिवसांनी पुसली जाईल. आठ दिवस एवढ्यासाठी, की वहीत काही शंका निघाली तर पुन्हा बघता यावं. पंचांगांचा गठ्ठा त्यांना परत दिला. पोराला सांगितलं, उद्यापासून आपल्याकडेही दर वर्षीचं एक ठेवायचं, पावती फाडून घे. उद्या सकाळी एका दवाखान्याचा जुना संगणक येतोय. त्यात अपॉइंटमेंटा जे-पायलट नावाच्या प्रोग्रॅममध्ये आहेत आणि त्यांना तपासायला मुहूर्ताचं पान नाही. केसपेपरांची बाडं सोबत पाठवा, असं डॉक्टरांना आत्ताच कळवून ठेवलंय.